'चेक' या एका शब्दाचे एवढे अर्थ कसे काय? बुद्धिबळातला चेक आणि बँकेतला चेक एकच का?

मृण्मयी_ठाणे

नमस्कार मंडळी. लेक चौथीत आहे, बुद्धिबळाच्या क्लासला जाते, आणि दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकल्यापासून तर आमच्या घरात दुसरा विषयच नाहीये. परवा तिच्याबरोबर खेळताना तिने 'चेक' म्हटलं तेव्हा मी सहज विचारलं की चेक म्हणजे काय गं, तर म्हणाली की "आई, म्हणजे तुझा राजा नीट चेक कर, त्याच्यावर हल्ला झालाय." ऐकायला एकदम पटतं, पण मग मीच विचार करत बसले की हा शब्द नेमका आहे तरी काय. आपण दार लावलंय का ते चेक करतो, बँकेत चेक टाकतो, चेक्सचा शर्ट घेतो, मी रोज मुलुंड चेकनाक्यावरून जाते, सासरी गावाला ओढ्यावर चेक डॅम आहे. डिक्शनरीत बघितलं तर एकाखाली एक अर्थ दिलेत पण एकातून दुसरा कसा निघाला ते कुठेच नाही. आमच्या शाळेतल्या बाई सांगायच्या की बँकेचा चेक हा वेगळाच शब्द आहे, स्पेलिंग वेगळं आहे ना म्हणून. तर हे सगळे एकच आहेत का वेगवेगळे शब्द योगायोगाने सारखे झालेत? आणि आपण मराठीत 'शह' म्हणतो त्याचा याच्याशी काही संबंध? कुणाला नीट माहीत असेल तर प्लीज सविस्तर लिहा, लेकीला सांगायचंय.

पटावरचा_उंट

मृण्मयीताई, तुम्ही लिहिलेले सगळेच्या सगळे चेक एकच आहेत, आणि सगळ्यांचा उगम तुमच्या लेकीच्या पटावरच आहे. फक्त क्रम उलटा आहे. 'तपासणे' हा अर्थ आधी आणि त्यावरून बुद्धिबळातला चेक असं नाही, बुद्धिबळातला चेक आधी आणि तपासणे हा अर्थ त्यानंतर काही शतकांनी आला.

चेक म्हणजे मुळात 'राजा'. फारसी शाह. आपला चतुरंग इराणात गेला तिथे त्याचं चतरंग झालं, ७व्या शतकात अरबांनी इराण जिंकल्यावर त्यांच्या तोंडी तो शतरंज झाला, आणि अरबांबरोबर स्पेन, सिसिली अशा वाटांनी युरोपात पोचला. खेळताना समोरच्याच्या राजावर मोहरा रोखला की 'शाह!' म्हणून सावध करायचं, म्हणजे बाबा रे तुझा राजा बघ. हा शाह लॅटिनमध्ये गेला तो स्काकुस झाला, जुन्या फ्रेंचमध्ये एशेक, आणि इंग्रजीत येताना पुढचा स्वर गळला आणि उरला चेक. त्याच फ्रेंच शब्दाचं अनेकवचन होतं त्याचं इंग्रजीत 'चेस' झालं, म्हणजे खेळाचं इंग्रजी नावसुद्धा अक्षरशः 'राजे' असंच आहे.

आता शह. हा तोच शाह आहे, फक्त तो युरोपची फेरी न मारता फारसीतून थेट आपल्याकडे आला. त्यामुळे क्लासमध्ये एक मूल 'चेक' म्हणतं आणि घरी आजोबा 'शह' म्हणतात तेव्हा दोघं एकच शब्द उच्चारतायत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हापासून मी क्लासच्या मुलांना दोन्ही शब्द शिकवतो. (नियमाप्रमाणे 'चेक' म्हणायची सक्ती नाहीये आणि मोठ्या स्पर्धेत कोणी म्हणतही नाही, पण लहान मुलांना म्हणू द्यावं असं माझं मत आहे.)

चेकमेटचंही सांगतो. शाह मात. 'राजा मेला' असा अर्थ सगळीकडे छापतात कारण अरबीत 'माता' म्हणजे मेला. पण फारसीत मात म्हणजे हतबल झालेला, ज्याला पुढे काही सुचत नाही असा, आणि बहुतेक अभ्यासक हाच अर्थ बरोबर धरतात. खेळाशीही तोच जुळतो ना, बुद्धिबळात राजा कधी मारलाच जात नाही, त्याला जागा उरत नाही एवढंच. आपण 'संकटावर मात केली' म्हणतो ती मात हीच.

आणि इथूनच पुढचे अर्थ फुटतात. शह बसला की तुमचा बाकीचा सगळा बेत जागच्या जागी थांबतो. तुम्ही वजिराने काय वाट्टेल ते करणार असाल, आधी राजा सोडवायचा. म्हणून इंग्रजीत १४व्या शतकातच चेकचा अर्थ 'एकदम रोखणे, अडवणे, लगाम घालणे' असा झाला. तपासणे हा अर्थ त्याच्या खूप नंतर, १७व्या शतकाच्या शेवटी शेवटी.

ओंकार_नगरी

हे भारी आहे. पण रोखणे आणि तपासणे यात जोडणी कशी होते ते नाही कळलं. अडवणं वेगळं आणि बघणं वेगळं ना?

मुलुंडकर७१

ओंकार, उत्तर प्रश्नातच आहे, मुलुंड चेकनाका. आम्ही लहानपणापासून बघत आलोय, ट्रक आधी अडवायचा, मग कागद बघायचे, माल बघायचा, जकात घ्यायची, मग सोडायचा. अडवणं आणि तपासणं एकाच जागी एकाच माणसाच्या हातून व्हायचं. २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, पण स्टॉपचं नाव अजून चेकनाकाच आहे.

थेम्सकाठी

मी लंडनला असतो, इथल्या अर्थमंत्र्याचं अधिकृत पद म्हणजे चॅन्सेलर ऑफ दि एक्सचेकर. यातला चेकर हा तुमच्या चेक्सच्या शर्टाचा आणि बुद्धिबळाच्या पटाचाच आहे, आणि चेकची अर्धी गोष्ट या एक्सचेकरमध्ये आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, मला हा विषय फार आवडतो.

१२व्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल मोजायचं एक टेबल होतं. त्याचं वर्णन राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने स्वतः लिहून ठेवलंय, गुरू-शिष्याच्या संवादाच्या रूपात. दहा फूट लांब, पाच फूट रुंद, आणि चारी बाजूंनी चार बोटं उंचीचा काठ, वर ठेवलेलं काही घरंगळून पडू नये म्हणून. टेबलावर काळं कापड पसरायचं, त्यावर वीत-वीत, फूट-फूट अंतरावर रेघा. जिल्ह्याजिल्ह्यातून महसूल गोळा करणारा शेरीफ वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि मायकेलमसला म्हणजे वसंतात आणि शरदात, येऊन या टेबलासमोर बसायचा. कापडावर रकाने असायचे, पेनीचा, शिलिंगचा, पौंडाचा, मग वीस पौंडांचा, शंभराचा, हजाराचा, आणि त्यात सोंगट्या मांडायच्या. त्याने किती भरायला हवे होते त्याच्या सोंगट्या एका ओळीत, प्रत्यक्ष किती भरले त्याच्या दुसऱ्या ओळीत, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एकातून दुसरं वजा करत जायचं.

असं का करायचे? कारण हिशेब रोमन आकड्यांत लिहिलेला असायचा आणि रोमन आकड्यांत वजाबाकी करून बघा म्हणजे कळेल. शून्य त्यांच्याकडे नव्हतं. पण कापडावर शून्याची गरजच नाही, रकाना रिकामा सोडला की झालं. आणि दुसरं म्हणजे ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यालाही समोर दिसतंय की आपली किती बाकी निघाली, नंतर कोणी म्हणू शकत नाही की मला फसवलं.

फिट्झनीलच्या पुस्तकात शिष्य विचारतो की या जागेला असं नाव का, तेव्हा गुरू सांगतो की एक तर हे बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं, आणि दुसरं, पटावर जशी दोन राजांची लढाई चालते तशी इथे दोघांची चालते, खजिनदार आणि हिशेब द्यायला बसलेला शेरीफ, बाकीचे बसून न्याय करतात. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीच त्या लोकांना ही उपमा सुचलेली होती. पटाला जुन्या फ्रेंचमध्ये एशेकिये म्हणत, त्याचं इंग्रजीत एक्सचेकर झालं, कोणीतरी लॅटिन वाटावं म्हणून मध्ये एक्स घुसवला. चौकटीच्या कापडाला चेक्स म्हणतात तेही याच पटावरून.

पैसे भरल्याची पावती म्हणजे लाकडाची काठी. तिच्यावर खाचा पाडायच्या, हजार पौंडाला तळहाताच्या जाडीएवढी खाच, शंभराला अंगठ्याच्या रुंदीची, विसाला करंगळीची, एका पौंडाला टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची, अर्धी एकाकडे अर्धी दुसऱ्याकडे. पुढे वाद झाला तर दोन्ही अर्धुकं एकमेकांना लावून बघायची, खाचा जुळल्या तर खरं. ही पद्धत १८२६ पर्यंत चालली! आणि मग साठलेल्या जुन्या काठ्या १८३४ च्या ऑक्टोबरमध्ये पार्लमेंटच्या भट्टीत जाळायला घेतल्या, तेव्हा आग भडकली आणि जुनं पार्लमेंट हाऊसच जवळजवळ सगळं जळालं. आज लोक ज्याच्यासमोर फोटो काढतात ती इमारत त्या आगीनंतर बांधलेली आहे.

निवृत्त_कॅशिअर

थेम्सकाठी, त्या चिरलेल्या काठीपर्यंत आणून सोडलंत, तिथून पुढचं मी घेतो, आयुष्य काउंटरच्या मागे गेलंय.

मृण्मयी, बँकेचा चेक वेगळा शब्द नाही. गंमत अशी की 'चेक' हे सुरुवातीला पैसे काढायच्या कागदाचं नाव नव्हतंच, ते त्याच्या स्थळप्रतीचं नाव होतं. १८व्या शतकाच्या सुरुवातीला हुंडी किंवा ड्राफ्ट लिहिला की त्याचा एक तुकडा देणाऱ्याकडे ठेवायचे, आणि कोणी रक्कम खाडाखोड करून वाढवली किंवा खोटा कागद आणला तर या तुकड्याशी ताडून बघायचं. खोटेपणाला आळा घालणारा म्हणून तो चेक. हळूहळू तुकड्याचं नाव अख्ख्या कागदाला चिकटलं. आधी स्पेलिंगही 'तपासणे'वालंच होतं, अमेरिकेत अजून तेच आहे. ब्रिटनमध्ये एक्सचेकर डोक्यात ठेवून शेपूट बदललं आणि आपला १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट इंग्रजांनीच केलेला असल्यामुळे भारतात तेच स्पेलिंग रुळलं.

ओंकारने विचारलं रोखणं आणि तपासणं कसं जुळतं, तर बँकेत बसलं की ते आपोआप कळतं. आमच्याकडे मेकर-चेकर असतं. एकाने एंट्री टाकायची, तो मेकर. ती एंट्री तिथेच लटकलेली राहते, पैसे हलत नाहीत, जोवर दुसरा माणूस आपल्या स्वतःच्या आयडीने उघडून व्हाउचर शेजारी धरून बघत नाही. तो चेकर. मेकरला स्वतःची एंट्री पास करता येत नाही, कितीही मोठा साहेब असो. म्हणजे चेकर बघतो म्हणून चेकर हे खरं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याने बघेपर्यंत सगळं अडलेलं असतं. बघून त्याला ते रोखता येतं. शनिवारी दुपारी गर्दीत समोरचा ओळखीचा आहे म्हणून न बघता पास करायचा मोह होतो, आणि मी पाहिलेल्या बहुतेक भानगडी तिथूनच सुरू झाल्या. नुसतं टिक मारणं म्हणजे चेक करणं नव्हे हे मी नवीन पोरांना कायम सांगायचो.

हल्ली चेक कोण लिहितो म्हणा, सगळं यूपीआय. पण सोसायटीच्या मेंटेनन्सला अजून चालतो.

बे_एरिया_काकू

काका टिकवरून आठवलं, इथे अमेरिकेत टिकलाच चेक म्हणतात, चेक मार्क. फॉर्मवर 'चेक द बॉक्स' लिहिलेलं असतं तेव्हा नवीन आलेली आपली माणसं गोंधळतात की बॉक्स तपासायचा का खूण करायची. हॉटेलात जेवण झाल्यावर बिल मागायचं तर 'चेक प्लीज'. थंडीत नाटकाला गेलं की दारात कोट ठेवून घेतात ते कोट चेक, आणि हातात नंबराचा बिल्ला देतात. काकांची स्थळप्रत आणि लंडनवाल्यांची काठी वाचून आत्ता कळलं की हाही तोच प्रकार, अर्धं तुमच्याकडे अर्धं आमच्याकडे. रेन चेक पण तसंच ना, १९व्या शतकात बेसबॉलची मॅच पावसाने बुडाली तर तिकिटाचा तुकडा दाखवून पुन्हा येता यायचं, आता कोणी जेवायला बोलावलं आणि जमत नसेल तर 'रेन चेक घेते' म्हणतात, म्हणजे आज नाही पण आमंत्रण जपून ठेवा.

पाणलोट_बीड

चेक डॅमवर कोणीच लिहीना म्हणून लिहितोय, कारण माझं कामच ते आहे आणि या शब्दाचा अर्थ न कळल्यामुळं गावात काय होतं ते रोज बघतो.

लोकांना वाटतं चेक डॅम म्हणजे छोटं धरण, पाणी साठवायचं. म्हणून उन्हाळ्यात कोरडा दिसला की म्हणतात बांधून उपयोग काय झाला. अहो पण चेक इथं जुन्या अर्थाचा आहे, वर पटावरच्या उंटांनी सांगितला तो, लगाम घालणे. पावसाळ्यात डोंगरावरून ओढा सुसाट येतो आन शेताची माती घेऊन जातो, त्याच्या वाटेत ठरावीक अंतरावर एकामागं एक अडसर घालायचे. वरच्या अंगाला दगडाचे गली प्लग, खाली अनगड दगडाचे बांध, आणखी खाली सिमेंट नाला बांध. प्रत्येक ठिकाणी पाण्याचा वेग मोडतो, गाळ मागं बसतो, पाणी थांबलेल्या वेळेत जमिनीत मुरतं, आन उरलेलं सांडव्यावरून पुढं जातं. जायलाच पाहिजे. अडवून ठेवायचं असतं तर सांडवा कशाला काढला असता? तुमच्या ओढ्यावरचा बांध कोरडा दिसत असंल तर शेजारच्या विहिरीत डोकवा, तिथं कळतं काम झालं का नाही. उंची वाढवा म्हणून मागणी येते दरवर्षी, आन मग पुरात बाजूचा काठ खचून ओढा बांधाला वळसा घालून वाहायला लागतो, शेत जातं ते जातंच.

मोटरीच्या पाइपाला नॉन रिटर्न व्हॉल्व बसवतो आपण, त्यालाही पुस्तकात चेक व्हॉल्वच म्हणतात. पाणी वर जाऊ देतो, माघारी येताना अडवतो.

मृण्मयी_ठाणे

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. लेकीला शाहचं सांगितलं तर लगेच तिचा प्रश्न आला की मग शिवशाही आणि लोकशाहीतला 'शाही' पण तोच का. आणि तिच्या वर्गातल्या शहा आडनावाच्या मैत्रिणीला 'तू चेक आहेस' असं सांगून आलीये, ते बरोबर आहे का? शिवाय चेक रिपब्लिकचं काय?

पटावरचा_उंट

मुलगी हुशार आहे, क्लास बंद करू नका.

शाही तोच. शाहचं राज्य ते शाही, त्यावरून आदिलशाही, निजामशाही, मग शिवशाही, पेशवाईच्या काळातही हा प्रत्यय आपल्या तोंडात होताच, आणि लोकांचं राज्य म्हणायची वेळ आली तेव्हा लोकशाही. म्हणजे राजा नसलेल्या राज्याच्या मराठी नावात राजा बसलाय. इंग्रजीत सत्तेला आवर घालणाऱ्या व्यवस्थेला 'चेक्स अँड बॅलन्सेस' म्हणतात त्यातही तोच बसलाय.

आणखी मागे गेलात तर हा शाह आपल्या नात्यातलाच आहे. जुन्या फारसीत तो 'क्षायथिय' असा होता, राज्य करणे या अर्थाच्या धातूवरून, आणि संस्कृतातलं क्षत्र, क्षत्रिय हे त्याच कुळातले. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाच्या काळचे शिलालेख आहेत, तो क्षत्रप शब्दही इराणातूनच आलेला, राज्याचा रक्षक अशा अर्थाचा. लेणी बघायला जाल तेव्हा लेकीला जरूर दाखवा.

प्याद्याचंही तसंच आहे. फारसी प्यादा म्हणजे पायी चालणारा, इंग्रजी पॉन लॅटिनमधल्या पायदळ सैनिकावरून, दोन्ही शब्द वेगळे पण मुळाशी पाय एकच.

शहा आडनाव मात्र वेगळं. गुजराती शाह हे संस्कृत साधू, प्राकृत साहू असं आलेलं मानतात, म्हणजे प्रतिष्ठित व्यापारी, आपल्या साव आणि सावकार शब्दांतला साव तोच. फारसी राजाशी त्याचं नातं नाही, उच्चार सारखा झालाय इतकंच. तेव्हा मैत्रिणीला सांगायला हवं की तू चेक नाहीस, सावकार आहेस. चेक रिपब्लिक पण वेगळं, ते तिथल्या लोकांच्या स्वतःच्या नावावरून, त्यांच्या दंतकथेत चेख नावाचा मूळपुरुष आहे. आपल्याकडे पेपरात झेक लिहितात तेच बरं, घोटाळा होत नाही.

ओंकार_नगरी

एक राहिलं. हिंदीत 'किसी ने उसे शह दी' म्हणतात ते तर उलट आहे ना, फूस लावली असा अर्थ होतो. मराठीत शह दिला म्हणजे अडवलं.

पटावरचा_उंट

हो, हिंदीत दोन्ही अर्थ चालतात, पटावर अडवणं आणि बोलताना चिथावणं. मराठीत दुसरा अर्थ रुळलाच नाही, त्यासाठी आपल्याकडे फूस आहे. म्हणून हिंदी बातमीचं मराठी करताना 'नेत्याने गुंडांना शह दिला' असं छापून येतं तेव्हा वाचणाऱ्याला बरोबर उलटं कळतं. तिथे 'फूस दिली' किंवा 'पाठबळ दिलं' असंच लिहायला हवं.